कमी एचपीच्या आऊटबोर्डला साजेशी होडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डहाणूपासून रेडीपर्यंत खाडीत किंवा किनाऱ्यालगत गळ, पाग (हाताने फेकायचं जाळं) आणि लहान जाळी घेऊन जाणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत. इंजिन आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं, २ ते ९.९ एचपीचं, होडीत माणसं एक-दोन, फार तर तीन. ट्रॉलर, पर्ससीन आणि डोलीच्या मोठ्या नौकांचा हिशेब वेगळा असतो, तो इथे नाही.

माझ्याकडे ९.९ एचपीचं इंजिन आहे. किती फुटी होडी घेऊ?

फूट नंतर बघू, आधी किलो मोजा. विकणारा लांबी सांगतो, पण इंजिनाला ओढायचं असतं वजन. तेही रिकाम्या होडीचं नाही. परतीच्या वेळी जाळी ओली असते, पेटीत बर्फ आणि मासळी असते, ते सगळं धरून.

उदाहरणादाखल अठरा फुटी फायबरची होडी घेऊ. होडी अंदाजे २८० किलो, दोन माणसं १४०, इंजिन ४०, पंचवीस लिटर पेट्रोल टाकीसकट २२, ओली जाळी ९०, पेटी आणि बर्फ ५०, मासळी १००, नांगर-दोर-वल्ही २०. बेरीज ७४२ किलो. सपाट पाण्यात, अंगच्या चालीने जायचं तर एका टनाला चार-पाच एचपी पुरतात. म्हणजे ही होडी शांत खाडीत ४ एचपीवरही चालेल. पण समोरून वारा आला, लाट आली, ओहोटीचं पाणी अंगावर आलं की तेवढीच ताकद हाताशी शिल्लक हवी. म्हणून समुद्रात जाणाऱ्याने टनाला दहा एचपी धरावेत. या हिशेबाने ९.९ ला भरलेली होडी साधारण एक टनापर्यंत असावी, आणि ५ एचपीला पाचशे किलोपर्यंत.

एक टनात काय बसतं? अठरा ते वीस फुटी होडी आरामात. हलकी आणि अरुंद असेल तर बावीस फुटीसुद्धा. पाच एचपीला चौदा-पंधरा फुटांची खाडीतली होडी बरी. सोळा फुटी पण रुंद, जड, जाड लाकडाची होडी घेतलीत तर लांबी कमी असूनही इंजिन दमतं.

मग वेग किती मिळेल?

या प्रश्नाचं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. पाणी कापत जाणाऱ्या होडीची एक नैसर्गिक चाल असते आणि ती ठरते पाण्याला टेकलेल्या लांबीवर. फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, नॉटमध्ये वेग येतो. पाण्यावर सोळा फूट टेकत असतील तर ५.४ नॉट, म्हणजे तासाला दहा किलोमीटर. वीस फूट असतील तर ६ नॉट, अकरा किलोमीटर. पंचवीस फूट असतील तर ६.७ नॉट, साडेबारा किलोमीटरच्या जवळपास.

या वेगाला होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पुढे एक लाट, मागे एक लाट, आणि होडी दोघींच्या मधल्या खळग्यात. तिथून पुढे ॲक्सिलरेटर कितीही पिळा, मागची बाजू बसते, नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उचलली जाते, आवाज वाढतो, पेट्रोल जातं, वेग मात्र अर्धा-पाऊण नॉट वाढतो. खूप लांब आणि अरुंद होडी या मर्यादेच्या थोडी पुढे जाते, कारण ती लाटच कमी उठवते. कमी एचपीला लांब-सडपातळ होडी शोभते ती एवढ्यासाठी.

याची दुसरी बाजू फायद्याची आहे. लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग एक पंचमांश कमी केला की ताकद जवळजवळ निम्मी लागते. सहा नॉटऐवजी पाच नॉटने जाणाऱ्याला तीन नॉटिकल मैलांवर पोचायला सहा मिनिटं जास्त लागतात. तेवढ्यात बाजार हुकत नाही.

पर्यटकांच्या बोटींसारखी पाण्यावरून पळणारी होडी ९.९ वर जमणार नाही का?

जमेल, पण मासेमारी सोडून. होडी पाण्याबाहेर उचलून पळवायला ढोबळमानाने दर पंचवीस किलोला एक एचपी लागतो. म्हणजे ९.९ ला सगळं मिळून अडीचशे किलो. दोन माणसं, इंजिन आणि पेट्रोल यांतच दोनशे संपले. उरलेल्या पन्नास किलोत होडी, जाळी, बर्फ आणि मासळी बसवायची आहे. एकटा माणूस, बारा फुटी ॲल्युमिनियमची हलकी होडी आणि हातात गळाची काठी, एवढंच असेल तर ती पळते.

पळण्यासाठी घडवलेलं बुड मागे रुंद आणि सपाट असतं. असली होडी हळू चालवली की मागची फळी पाणी ओढत राहते. म्हणजे ती पळतही नाही आणि हळू नीट चालतही नाही. चाळीस एचपीसाठी बांधलेली होडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊन तिला ९.९ लावणारे दर हंगामात भेटतात. होडी चांगलीच असते, फक्त इंजिन तिच्या जोडीचं नसतं.

बुड कसं असावं? सपाट, गोल की व्ही?

खाडीत, खाजणाच्या कडेने, चिखलात टेकवायची असेल तर सपाट. ती डुलत नाही, गुडघाभर पाण्यात जाते, पागायला उभं राहता येतं. पण समुद्रात लाटेवर आपटते आणि वाऱ्याने बाजूला सरकते. खाली मधोमध एक-दोन इंचांची लाकडी पट्टी लावली तर सरळ चालते.

खोल व्ही कमी एचपीला अजिबात नको. तो आकार ताकद खातो.

गोल किंवा किंचित गोलसर बुड आणि मागच्या बाजूला वर चढत जाणारी रेषा, हे कमी ताकदीला सर्वांत सोपं. आपल्याकडच्या जुन्या शिडाच्या आणि वल्ह्याच्या होड्या बहुतेक अशाच आहेत, कारण त्या माणसाच्या हातांवर आणि वाऱ्यावर चालायच्या. डुलतात, हे खरं. म्हणून जड सामान तळाला ठेवायचं. अरुंद होडीला एका बाजूने उलांडी (तोल सांभाळणारा तरंगता ओंडका) बांधण्याची मालवण-वेंगुर्ल्याकडची रीत आजही तितकीच कामाची आहे. फक्त उलांडीच्या बाजूला पाण्याचा रोध वाढतो आणि होडी तिकडे वळू बघते, ते हॅण्डलने सांभाळावं लागतं.

लाकडी की फायबर?

वजनाचाच विचार केला तर फायबर. त्याच लांबीची लाकडी होडी पुष्कळदा दीडपट भरते, आणि पाणी पिऊन हंगामाच्या शेवटी आणखी जड होते. फायबरला दरवर्षी तेलपाणी लागत नाही. सिंधुदुर्गात फायबरच्या पाती (तिकडच्या लहान होड्या) वाढल्या त्या यामुळेच.

तरी लाकूड मोडीत काढू नका. उंडी, ऐन, सागाची चांगली बांधलेली होडी लाटेत शांत चालते, आणि गावातला सुतार एक फळी बदलून ती परत पाण्यात घालू शकतो. हाताशी जुनी सडपातळ लाकडी होडी असेल आणि फळ्या खणखणीत असतील तर केवळ फॅशन म्हणून फायबर घेऊ नये. लाकडावर बाहेरून फायबरचा पातळ थर चढवण्याचा मार्गही आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडाच्या होड्यांवर हा प्रयोग केला आहे. मात्र लाकूड पूर्ण सुकलेलं नसेल तर थराखाली ओल अडकते आणि आतून कुजत जाते.

वल्ह्याची जुनी होडी दोन्ही टोकांना निमुळती आहे. तिला इंजिन लागेल?

लागेल, तीन प्रकारे. मागच्या भागात बाजूला लोखंडी किंवा लाकडी ब्रॅकेट बांधून, मागच्या टोकाजवळ होडीत विहीर काढून, किंवा मागचं टोक कापून तिथे आडवी फळी बसवून.

बाजूचा ब्रॅकेट सर्वांत स्वस्त, काढता-घालता येणारा, आणि ५ एचपीपर्यंत ठीक. होडी थोडी एका अंगाला ओढते. लाटेत ब्रॅकेटची बाजू वर गेली की पंखा हवेत फिरतो, इंजिन किंचाळतं. विहिरीत पंखा होडीच्या अंगाखाली राहतो, जाळं अडकायची भीतीही कमी, पण विहिरीचं भोक पाण्याला अडवतं आणि इंजिन वर उचलायला जागा लागते. टोक कापणं हे मोठं काम आहे. तिथले जोड होडीला बांधून ठेवत असतात, ते नव्याने बांधावे लागतात. अनुभवी सुताराशिवाय हात लावू नये.

निमुळत्या मागच्या टोकात तरंगण्याची ताकद कमी असते, हेही लक्षात ठेवा. चाळीस किलोचं इंजिन आणि हॅण्डल धरून बसलेला सत्तर किलोचा माणूस, दोघे तिथेच. होडी मागे बसते. उपाय साधा: हॅण्डलवर पीव्हीसी पाइपचा तुकडा घट्ट बसवा आणि तीन-चार फूट पुढे सरकून बसा. टाकी आणि बर्फाची पेटी नाळेकडे न्या. एवढ्याने होडी सरळ बसते आणि वेगातही फरक कळतो. पाइप मात्र निसटणार नाही असा पक्का हवा.

इंजिनाचा दांडा लांब घ्यावा की आखूड?

मागची फळी मोजून ठरवा. बुडापासून इंजिन टेकतं त्या कडेपर्यंतची उंची १५ इंचांच्या आसपास असेल तर आखूड, २० इंचांच्या आसपास असेल तर लांब. इंजिन लावल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडाच्या पातळीत किंवा त्याखाली इंचभर यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो. फार खाली गेली तर पाय विनाकारण पाणी कापत बसतो.

समुद्रात जायचं असेल तर आमचं मत लांब दांडा आणि उंच फळीच्या बाजूने आहे. लहान होडीत पाणी शिरायची सर्वांत सखल जागा म्हणजे इंजिनासाठी कापलेली मागची कड. परतताना मागून लाट आली आणि त्याच वेळी इंजिन बंद पडलं तर पाणी थेट आत येतं. त्या कडेच्या पुढे, होडीच्या आत, आणखी एक आडवी फळी घालून पाणी बाहेर जायला भोकं ठेवलेली असतील तर उत्तम.

भरलेल्या होडीचा काठ पाण्यापासून किती वर हवा? खाडीत फूटभर, समुद्रात दीड फूट. त्याहून कमी असेल तर मासळी कमी भरा.

पंखा बदलून काही मिळतं का?

पुष्कळ मिळतं, आणि याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. लहान आऊटबोर्डसोबत येणारा पंखा बहुतेकदा हलक्या, पळणाऱ्या बोटीसाठी असतो. जड, हळू होडीला त्याचा पीच जास्त पडतो, म्हणजे तो एका फेरीत जास्त पुढे जाऊ बघतो. चढावर वरच्या गिअरमध्ये रिक्षा चालवावी तसं इंजिन घुसमटतं.

तपासायची रीत अशी: होडी नेहमीसारखी भरा, सपाट पाण्यात पूर्ण ॲक्सिलरेटर द्या, आणि फेरे मोजणाऱ्या मीटरवर बघा. पुस्तिकेत दिलेला पट्टा, जो बऱ्याच लहान फोर-स्ट्रोकना मिनिटाला ५,००० ते ६,००० असतो, गाठला जात नसेल तर पीच कमी करा. एक इंच पीच कमी केला की साधारण दोनशे फेरे वाढतात. काही कंपन्या ८ आणि ९.९ एचपीच्या इंजिनांना ओढीचे खास पंखे देतात, मोठ्या व्यासाचे आणि कमी पीचचे. मासेमारीच्या होडीला तेच मागा. इंजिन घ्यायच्या आधीच विचारलंत तर दुकानदार बदलून देण्याची शक्यता असते, नंतर पैसे पडतात.

टू-स्ट्रोक, फोर-स्ट्रोक की रॉकेलवरचं?

टू-स्ट्रोक हलकं, दुरुस्तीला सोपं, पण तेल मिसळावं लागतं आणि इंधन जास्त पितं. फोर-स्ट्रोक काही किलो जड, शांत, कमी खाणारं. रॉकेलवरचं इंजिन सुरू होतं पेट्रोलवर, गरम झाल्यावर रॉकेलवर टाकायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं. रॉकेल स्वस्तात आणि नियमित मिळत असेल तरच त्याचा हिशेब बसतो. खुल्या भावाने घेऊन वापरण्यात फायदा उरत नाही. रोज जाणाऱ्याने फोर-स्ट्रोक घ्यावं, असं आमचं मत.

बॅटरीवरची मोटर चालेल?

५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांच्या लेड-ॲसिड बॅटरीत १.२ किलोवॉट-तास मावतात, आणि तिचं आयुष्य राखायचं तर निम्मेच वापरायचे. पूर्ण ताकदीवर दहा मिनिटांत संपतं. अर्ध्या किलोवॉटवर सावकाश गेलात तर तासाभराहून थोडं जास्त. तळ्यात, धरणाच्या जलाशयात, शांत खाडीत गळ टाकणाऱ्याला एवढं पुरतं. आवाज नसतो हा तिथे फायदाच. लिथियम बॅटरी हलकी आणि जास्त वापरता येणारी, पण महाग. समुद्रात निव्वळ बॅटरीवर जाऊ नका.

इंधन किती न्यावं?

९.९ चं फोर-स्ट्रोक पूर्ण ॲक्सिलरेटरवर तासाला साडेतीन-चार लिटर घेतं, मध्यम चालीवर दोन-अडीच. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश शिल्लक, हा नियम जगभर पाळतात आणि तो इथेही पाळावा. शिल्लक वेगळ्या डब्यात ठेवा. एकाच टाकीत पाणी किंवा कचरा गेला तर सगळंच जातं.

कमी एचपीवर खाडीच्या तोंडातून बाहेर पडावं का?

हे कुठली खाडी आणि कुठली तिथी यावर आहे. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत साडेचार-पाच मीटरांचा फरक पडतो. मालवणकडे तो दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास. म्हणून वसई, ठाणे, धरमतरच्या खाड्यांत अमावास्या-पौर्णिमेला पाणी दोन-तीन नॉटने धावतं. तुमची होडी पाच नॉटची असेल तर उलट्या पाण्यात हाती दोन-तीनच नॉट उरतात, आणि इंधन तेवढंच जळतं. ओहोटीबरोबर बाहेर, भरतीबरोबर आत, असं वेळापत्रक बसवलंत तर तीच होडी सात-आठ नॉटने जाते. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, ओढ कमी असते. नव्या माणसाने सुरुवात तेव्हा करावी.

तोंडावरच्या वाळूच्या पट्ट्यावर जोराची ओहोटी आणि समोरून लाट एकत्र आली की लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. तिथे ९.९ असो की २५, लहान होडीने थांबावं. पाणी बसेपर्यंत तासभर वाट बघावी.

वाऱ्याचंही तसंच. फेब्रुवारी ते मे पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) असते, पाणी सपाट असतं. दुपारी वायव्येचा वारा चढतो. कमी एचपीवाल्याने त्याआधी परतायचं. आणि वल्ही होडीतून कधीच काढायची नाहीत, इंजिन नवं असलं तरी. जॅकेट अंगात, इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला.

जुनी होडी घेताना काय बघू?

वजनकाटा मिळत असेल तर आधी वजन करा. फायबरमध्ये आतला लाकडी गाभा पाणी पितो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मागच्या फळीवर नाण्याने ठोकत जा. टणक आवाज मध्येच बोदा झाला तर तिथे आत कुजलंय. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा पाय धरून पुढे-मागे हलवा. फळी वाकताना दिसली तर भाव पाडण्यापेक्षा सोडून द्या. लाकडी होडीत पठाण (तळाचा मधला कणा) आणि नाळ जुळते ती जागा टोकदार सळीने टोचून बघा. गंजलेले खिळे आजूबाजूच्या लाकडाला काळं करतात, तेही बघा.

रंग नवा असेल तर जास्त सावध राहा.

नोंदणी लागते का? पावसाळी बंदी आउटबोर्डला आहे का?

मासेमारी करायची तर नौकेची नोंदणी आणि परवाना दोन्ही लागतात. नोंदणी रियलक्राफ्ट या पोर्टलवर होते. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळतो, ज्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली. कामकाज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातून चालतं. जुनी होडी घेत असाल तर कागद आधीच्या मालकाकडून नावावर करून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. वल्ह्याच्या होडीला इंजिन बसवलंत तर तो बदलही नोंदवावा लागतो.

१ जून ते ३१ जुलै ही बंदी यंत्रचालित नौकांना आहे, आणि लहान आऊटबोर्ड लावलेली होडी यंत्रचालितच धरली जाते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असते.

अनुदान मिळतं का?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांसाठी होडी आणि जाळ्यांचे घटक होते. त्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के असं प्रमाण होतं. सध्या कुठला घटक चालू आहे ते मच्छीमार सोसायटीत किंवा सहायक आयुक्त कार्यालयात विचारा, आणि मंजुरी हातात येण्याआधी खरेदी करू नका. आधी घेतलेल्या इंजिनाची पावती नंतर चालेलच असं नाही. अर्जात इंजिनाचे एचपी आणि होडीची लांबी लिहावी लागते, तेव्हा वरचा वजनाचा हिशेब अर्ज भरण्यापूर्वीच करून ठेवा.